सेलमला गेलेला आकाराम

आकाराम मुधाळे हा माणूस हुपरीच्या बाहेर फारसा कधी गेलाच नाही. बेचाळीस वर्षांचं वय, त्यातली चोवीस वर्षं पैंजणं झाळण्यात गेली. झाळणं म्हणजे चांदीच्या कड्या एकमेकींत गुंतवून झाल्या की त्यांचे सांधे गॅसच्या बारीक ज्योतीनं पक्के करणं. हुपरीत घरोघरी हे काम चालतं. पण आकारामचा सांधा शोधायला भिंग लागतं, हे व्यापारीसुद्धा कबूल करतात, आणि व्यापारी सहसा काही कबूल करत नाहीत. हाताला असा कसबी, तोंडाला मात्र कुलूप. ज्या चार शब्दांनी त्याचा संसार सावरला असता, ते त्यानं वेळेवर कधी उच्चारले नाहीत, आणि जी एक गोष्ट करायला नको होती ती मात्र न बोलता करून टाकली.

ती गोष्ट आधीच सांगितलेली बरी, म्हणजे पुढे कुणाची बाजू घ्यायची याचा घोळ होणार नाही. त्याची बायको प्रमोदिनी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला. तिला कोल्हापुरात बिऱ्हाड करायचं होतं. आकारामला हुपरी सोडवत नव्हती. मधे सासू बायडाबाई, जिचा आवाज तीन घरं ओलांडून चौथ्यात जातो. रोजची धुसफूस होतीच. एका दुपारी भांडण हाताबाहेर गेलं आणि आकारामनं तीन वर्षांच्या इरावतीला उचललं, मोटरसायकलवर पुढ्यात बसवलं आणि तडक गगनबावड्याला एका दोस्ताच्या शेतावर निघून गेला. फोन बंद. बायकोला जरा अद्दल घडावी, एवढाच त्याचा हिशेब. तीन दिवसांनी पोरीला घेऊन तो परत आला, पोरगी धडधाकट, खुशीत. पण ते तीन दिवस प्रमोदिनी पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून होती. ती त्या बाकड्यावरून उठली ती माहेरीच गेली.

घटस्फोट झाला, आणि इरावतीविषयी कोर्टाचा हुकूम झाला. ताबा आईकडे. बापानं दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, अकरा ते एक, कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या देखत मुलीला भेटावं. मुलीला आवाराबाहेर नेऊ नये. हुकूम कडक होता, पण वावगा नव्हता, हे आकारामलाही मनातून ठाऊक होतं. त्यानं मोटरसायकल विकून टाकली. त्या गाडीवर परत बसवेना म्हणाला.

तेव्हापासून आठ वर्षं त्यानं एकही शनिवार चुकवला नाही. आदल्या संध्याकाळी लिंबाची फोड घेऊन बसायचा आणि बोटांवरचा चांदीचा काळा डाग घासत राहायचा. डाग काही पुरता जात नसे, बोटं मात्र लाल व्हायची. सकाळी इस्त्रीचा शर्ट, साडेनऊची एसटी. महापुरात रस्ते बंद झाले आणि लॉकडाऊनमध्ये कोर्टच बंद झालं, तेवढ्याच काय त्या भेटी बुडाल्या. त्याही त्यानं फोनवर चेहरा बघून भरून काढल्या. एकला दोन मिनिटं कमी असताना प्रमोदिनी दारात उभी राहायची, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. आत यायची नाही, बोलायची नाही, पण एकच्या पुढं एक मिनिटही जाऊ द्यायची नाही. आकारामचा तिच्यावर राग नव्हता. आपण तीन दिवस घेतले होते, तिनं मिनिटं मोजली तर काय बिघडलं, असं तो आईला म्हणायचा. बायडाबाई त्यावर जे म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

इरावती अकरा वर्षांची झाली आणि ती खोली तिला पुरेना. खोलीत भिंतीवर ससे, कोपऱ्यात प्लास्टिकची घसरगुंडी, चिमुकल्या रंगीत खुर्च्या. कोल्हापूरच्या पोरी स्वतःविषयी पोरांसारखंच बोलतात, एका शनिवारी ही म्हणाली, "पप्पा, मी बसतो कुठं बघा की. गुडघं हनवटीला लागत्यात. मी आता बारका हाय व्हय?"

"व्हय गं बाई. पर हितंच भेटायचं आसं लिवलंय."

"तुमच्या घरी का न्हाय न्हेत मला? आजी कशी दिसती ते मी फोटोतच बघतोय. तुमचं काम पण बघितलं न्हाय मी."

"कोर्टाचा हुकूम हाय, बाळा."

"मग हुकूम बदला की!" म्हणाली, आणि लगेच खाली बघत पुढचं बोलली, "न्हाईतर मी आता न्हाय येणार हितं. हितं बारकी पोरं रडत्यात. मला कसंतरीच हुतंय."

आकाराम परतीच्या एसटीत खिडकीशी बसला आणि हुपरी येईपर्यंत त्याला कंडक्टरचा आवाजही ऐकू आला नाही. कोर्टाचा हुकूम बदलतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, एकदा शिक्का बसला की झालं. आता त्याला दिसलं की आणखी वर्षभरात पोरगी येणं बंद करील, आणि तिला ओढून आणणारा कुठलाही हुकूम जगात नाही.

आठवड्यानं तो वकील गाठायला गेला. ही क्रांती नावाची तरुण वकीलबाई होती, बोलायला फटकळ, कामाला चोख. तिनं जुना हुकूम वाचला आणि म्हणाली, "अहो, पोरांचे हुकूम कायमचे नसतातच. पोर वाढतं, परिस्थिती बदलते, तसा हुकूम बदलून मागता येतो. आठ वर्षं गप्प का बसलात?" क्रांतीनं अर्ज केला: मुलगी मोठी झाली आहे, बापानं एकही भेट चुकवलेली नाही, तरी महिन्यातून दोनदा शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत मुलीला हुपरीच्या घरी राहू द्यावं.

प्रमोदिनीनं लेखी विरोध केला. त्यात गगनबावड्याचे तीन दिवस तारखेनिशी होते. आकारामनं तो कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. न्यायाधीश साहेबांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि ठरवलं की कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी हुपरीला न कळवता जावं, घर कसं आहे, माणसं कशी आहेत ते बघावं आणि अहवाल द्यावा.

आता इथं आकारामच्या गल्लीचा रिवाज सांगायला हवा. प्रत्येक घरात चांदी. व्यापाऱ्यानं वजन करून दिलेला माल, आपला नव्हे, जोखमीचा. पूर्वी कधीतरी एक टापटीप माणूस गल्लीत आला, एकाचं पूर्ण नाव घेऊन विचारत विचारत घरापर्यंत पोचला, ओळख काढून चहा प्याला, आणि तो गेल्यावर बघतात तर घुंगरांची पिशवीही गेलेली. त्या दिवसापासून गल्लीनं ठरवून टाकलं: अनोळखी माणूस बॅग घेऊन आला आणि आडनावासकट नाव विचारू लागला, की तो गडी गावात नाही. कुठं गेलाय? सेलमला. चांदीच्या कामासाठी हुपरीची माणसं तिकडे तमिळनाडूत जातात, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही ते पटतं. कुणी कुणाला शिकवावं लागत नसे. एकीनं सेलम म्हटलं की शेजारणी माना डोलवायच्या.

समुपदेशक पूर्णिमा मॅडम आल्या त्या नेमक्या खांद्याला बॅग लावून, हातात फाईल घेऊन. गल्लीत कोर्टाचं नाव काढलं तर बिचाऱ्या कुटुंबाची उगीच चर्चा होते, म्हणून त्यांनी ते काढलं नाही. एवढी चांगुलपणाची गोष्ट, पण तिनंच घात केला. त्यांनी ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या बायडाबाईला विचारलं, "आकाराम ज्ञानदेव मुधाळे इथंच राहतात का? मी कोल्हापूरहून ऑफिसमधून आले आहे."

बायडाबाईनं वर बघितलं. बॅग बघितली. फाईल बघितली.

"न्हाय बाई. त्यो सेलमला गेलाय."

"कधी येतील?"

"येतोय कशाचा! सा वर्सं झाली. तिकडंच लगीन केलंय न्हवं का त्येनं."

पूर्णिमा मॅडमची लेखणी थांबली. "दुसरं लग्न केलंय?"

"तर! दोन पोरं हायती. विचारा की हिला."

'हिला' म्हणजे समोरची बनाबाई. तिनं चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून आतूनच ओरडून सांगितलं, "व्हय व्हय, दोन! एक पोरगं, एक पोरगी!"

हे सगळं चाललं तेव्हा आकाराम त्याच घराच्या मागच्या पडवीत बसून पैंजण झाळत होता. ज्योतीचा आवाज फुस्स चालू असला की त्याला काही ऐकू येत नाही. संध्याकाळी जेवताना बायडाबाई फुशारकीनं म्हणाली, "एक बाई आलती बॅग घिऊन. तुजं पुरं नाव घेत हुती. लावली वाटंला."

"बरं केलंस," आकाराम म्हणाला, आणि भाकरी मोडली. कोर्टाची माणसं शिपाई घेऊनच येतात, अशी त्याची समजूत होती.

तारखेच्या दिवशी कोर्टात अहवाल वाचला गेला. अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नाही. तो सुमारे सहा वर्षांपासून सेलम येथे वास्तव्यास असून त्यानं तिथं दुसरा विवाह केला आहे, त्याला दोन अपत्यं आहेत, असं त्याची आई आणि शेजारी यांनी सांगितलं. आकारामनं मागे वळून बघितलं. हा कुणाचा अहवाल चाललाय ते त्याला कळेना. क्रांतीचा चेहरा पांढरा पडला. दातओठ खात ती कुजबुजली, "दुसरं लग्न केलंय तुम्ही? दोन पोरं?"

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात ती बॅगवाली बाई उभी राहिली. सांगायचं काय? माझी आई खोटं बोलली? कोर्टात उभं राहून? आणि कोण विश्वास ठेवणार? शनिवारची हजेरी दाखवली, तर सेलमहून गाडी धरून येतो म्हणतील. खोटं बोलणाऱ्या घरात पोरगी कशी पाठवावी, असाच पुढचा प्रश्न आला असता.

प्रमोदिनीचे वकील आनंदानं उभे राहिले. अर्जदारानं कोर्टाची दिशाभूल केली आहे, अर्ज फेटाळावा, एवढंच नव्हे तर शनिवारच्या भेटी चालू ठेवायच्या की नाही याचाही फेरविचार व्हावा, असं ते एका दमात बोलले. आकारामला ऐकू आलं ते शेवटचं. शनिवारही जाणार. पोरीला घरी आणायला निघालो आणि आहे ते दोन तासही गमावून बसलो, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्यानं समोरचा लाकडी कठडा घट्ट धरला.

"साहेब, मला बोलायचंय," प्रमोदिनी उठून उभी राहिली.

तिचे वकील वळले. "ताई, मी बोलतोय ना."

"तुम्हाला ते माहीत न्हाय. मला माहीत हाय." आणि ती साहेबांकडे बघत म्हणाली, "साहेब, हे सेलम वगैरे सगळं झूट हाय. हा माणूस हुपरीतनं सांगलीला जायचं म्हटलं तरी दोन दिवस विचार करतोय. त्या गल्लीत अनोळखी माणसानं कुणाचं पूर्ण नाव विचारलं की सेलम सांगायचं, ही पद्धतच हाय तिथली. चांदी असती ना घरात, त्या भीतीनं. लग्न होऊन सासरी गेले, तर चौथ्या दिवशी आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला बसवून शिकवलं. मी स्वतः सांगितलंय. आमच्याच लग्नाचा फोटोवाला अल्बम घेऊन आलता. मी नवी, मला कुठं तोंडओळख? मी त्याला दारातनंच सांगितलं, ते सेलमला गेल्यात. माणूस अल्बमसकट माघारी गेला. आमच्या लग्नाचे फोटो आम्हाला तीन महिन्यांनी बघायला मिळाले."

कोर्टात कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी चष्मा काढला. "आणि दुसरं लग्न? दोन मुलं?"

"ते आत्तींनी पदरचं घातलं असणार. एकदा सांगायला लागल्या की त्यांना थांबवत न्हाय."

साहेबांनी चष्मा परत चढवला. "बाई, तुमचा तर अर्जाला विरोध आहे. हा अहवाल तुमच्या फायद्याचा होता."

"विरोध हाय की," प्रमोदिनी म्हणाली. "पण तो खऱ्या गोष्टीवर हाय. हे माझ्या पोरीला घेऊन तीन दिवस गेले होते. त्याची भीती माझ्या पोटात अजून हाय, म्हणून विरोध. न झालेल्या लग्नावर मला न्हाय जिंकायचं. उद्या पोरगी मोठी होईल, विचारील, तेव्हा मी तिला काय तोंड दाखवू?"

आकारामला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला शब्द पुरणार नाहीत, पण सांगायलाच हवं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या वर, कितीतरी वर, उपकाराचं ओझं वाटलं. ही बाई नुसती गप्प बसली असती तरी जिंकली असती. तिनं गप्प बसायचं सोडून त्याला, त्याच्या आईला आणि त्याच्या आख्ख्या गल्लीला सोडवलं.

साहेब त्याच्याकडे वळले. "तुम्हाला त्या तीन दिवसांबद्दल काही सांगायचंय?"

क्रांतीनं त्याचा शर्ट मागून ओढला, म्हणजे गप्प बसा. घटस्फोटाच्या वेळच्या वकिलानंही त्याला हेच सांगितलं होतं, की कबूल काही करायचं नाही. आकाराम तिच्याकडे न बघता म्हणाला, "चुकलं माजं, साहेब. हिला अद्दल घडवायची म्हणून गेलतो. तवा मला काय बी वाटलं न्हाय. पर आता शनवारचं दोन तास संपलं आणि पोरगी दाराच्या भाईर गेली, की माज्या पोटात जे हुतंय... हिला ते तीन दीस झालं असंल. आनि हिला तर पोरगी परत येणार का न्हाय ह्येबी ठावं नव्हतं. मला दर बारीला ठावं असतंय." एवढं बोलून तो खाली बसला. आठ वर्षांत एका दमात तो एवढं बोलला नव्हता.

प्रमोदिनीनं पर्समधून रुमाल काढून आपला चष्मा पुसला, आणि कितीतरी वेळ पुसत राहिली.

पूर्णिमा मॅडमना परत हुपरीला पाठवायचं ठरलं. या वेळी आकारामनं आदल्या रात्रीच आईला सगळं समजावलं. बायडाबाईनं आधी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाली, "पमूनं सांगितलं म्हणालास? कोर्टात? माज्या बाजूनं?" आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. तिनं सुनेला काय काय बोलून ठेवलं होतं, ते तिला ठाऊक होतं. सकाळी मॅडम येताच तिनं गल्लीच्या तोंडाशीच त्यांना गाठलं. रेशनकार्ड, आधारकार्ड, लाइटचं बिल, आकारामची खाट, त्याच्या चपला, त्याचा दाढीचा ब्रश, सगळं दाखवलं. बनाबाईनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "जल्मापासनं हितंच हाय त्यो, बाई. लगीन नाय, पोरं नाय, काय नाय!" मागून आणखी चार बायका आल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. मॅडम निघाल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत शेंगा, गूळ आणि बायडाबाईनं कोंबलेली चटणीची बरणी होती. सरकारी माणसानं काही घ्यायचं नसतं म्हणून त्यांनी तीन वेळा परत काढून ठेवलं आणि तीन वेळा ते परत आत गेलं. शेवटी ते ओट्यावर सोडून त्या जवळजवळ पळतच गेल्या.

साहेबांनी इरावतीला आपल्या खोलीत बोलावून तिच्या एकटीशी बोलून घेतलं. ती आत काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साहेबांनी दिलेलं चॉकलेट होतं आणि तिची मान ताठ होती. प्रमोदिनीनं सहा महिने बघू म्हणून मान्यता दिली. जुना हुकूम बदलला: महिन्यातून दोनदा, शनिवारी दुपारी एक ते रविवारी संध्याकाळी पाच, वडिलांच्या घरी. वेळ कसोशीनं पाळावी, चूक झाल्यास पूर्वीचाच हुकूम लागू होईल.

कोर्टाच्या जिन्यात आकारामनं प्रमोदिनीला गाठलं. दोन पायऱ्या खाली उभा राहून म्हणाला, "लई उपकार झालं."

"उपकार कसले त्यात? खरं ते बोलले," ती म्हणाली आणि दोन पायऱ्या उतरून थांबली. "आत्तींना सांगा, पोरं दोनच कशाला सांगितली म्हणावं. चार सांगायची." आणि पहिल्यांदा, आठ वर्षांत पहिल्यांदा, दोघं एकाच गोष्टीवर हसली.

पहिला शनिवार हुपरीत कसा गेला हे बायडाबाईला विचारलं तर तुम्हाला तिथं संध्याकाळपर्यंत बसावं लागेल. थोडक्यात असं, की इरावती एसटीतून उतरली तेव्हा गल्लीच्या बायका दारोदार उभ्या होत्या. आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पोरीला इतक्या वेळा कुरवाळलं की पोरगी शेवटी म्हणाली, "आजी, गाल दुखाय लागलं की." पडवीत बापाच्या शेजारी बसून तिनं कड्या गुंतवून बघितल्या. चार गुंतल्या, पाचवी उडून चुलीखाली गेली, आणि ती शोधायला बाप, लेक, आजी तिघंही जमिनीवर पालथी पडली. रविवारी सकाळी ती आजीच्या गोधडीत एवढी गाढ झोपली होती की आकाराम तिला उठवायला गेला आणि उठवेना म्हणून तिथंच बसून राहिला. तिला झोपलेली त्यानं गगनबावड्यानंतर बघितली नव्हती.

पाचला पोचायचं म्हणून त्यानं अडीचची गाडी धरली. सव्वाचारलाच दोघं मंगळवार पेठेत आली. गल्लीच्या कोपऱ्यावर पाऊण तास घालवायचा त्याचा बेत होता, पण मनात धाकधूक, कुठं काही झालं तर, रिक्षाच आडवी आली तर, तिथं घोटाळत बसलो आणि घड्याळच मागं असलं तर. शेवटी पावणेपाचला त्यानं प्रमोदिनीच्या घराची बेल वाजवलीच.

दार ताबडतोब उघडलं. म्हणजे ती दाराआडच उभी होती. तिनं इरावतीला नखशिखान्त बघून घेतलं, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण आकारामच्या डोळ्यांदेखत उतरला. दोन दिवस ही काय भोगून बसली असेल, ते त्याला लख्ख कळलं.

"आणली बघा," तो म्हणाला. "जेवली हाय. औषधाचं काय लागलं न्हाय. गृहपाठ तेवढा ऱ्हायलाय."

"पावणेपाच झाल्यात," प्रमोदिनी म्हणाली.

"व्हय. उशीर नको म्हटलं."

तिनं इरावतीच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, "अजून पंधरा मिनिटं तुमची हायत. कोपऱ्यावर रसाचं गुऱ्हाळ हाय, तिला आवडतो. जावा, घेऊन या पाजून."

"कागदावर..."

"कागद मला पाठ हाय," ती म्हणाली. "पाचवर पाच मिनिटं झाली तर मी काय पोलिसात जाणार न्हाय."

आकाराम तिथंच उभा राहिला. इरावतीनं त्याचा हात ओढला तेव्हा तो चालू लागला. गुऱ्हाळाच्या बाकड्यावर दोघं बसली, आलं घातलेल्या रसाचे दोन ग्लास सांगितले, आणि ग्लास हातात आल्यावर आकारामला तो पिववेना. डोळे भरून वाहू लागले. गुऱ्हाळवाला बघत होता, त्याचीही त्याला लाज वाटली नाही.

"पप्पा, काय झालं? मी परत येणार हाय की," इरावती घाबरून म्हणाली.

"तसं न्हाय गं," तो डोळे पुसत म्हणाला. "एवढं समदं माज्या हातनं घडलं, तरीबी तुज्या आईनं मला एकटं सोडलं तुज्यासंगं. घड्याळ बघत दारात उभं ऱ्हावंसं तिला न्हाय वाटलं. ध्यानात ठेव हे. मी इसरलो तर मला सांग."

इरावतीनं मान हलवली आणि त्याचा ग्लास त्याच्या तोंडाशी धरला. तो प्यायला. पाचला तीन मिनिटं कमी असताना दोघं परत निघाली. प्रमोदिनीच्या घराचं दार सताड उघडं होतं, आणि दारात कुणीच उभं नव्हतं. ती आत, स्वयंपाकघरात, भांडी घासत होती.